इजा तीच, परिणाम बदलते

सेरेब्रल पाल्सी : गर्भात, जन्मावेळी किंवा पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडणे. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. शरीरावरचे परिणाम मात्र वयाबरोबर बदलतात.

पाच पातळ्या : ‘जीएमएफसीएस’ ही हालचालींच्या क्षमतेची वर्गवारी १९९७ची. पहिल्या पातळीवरचे मूल आधाराविना चालते. पाचव्या पातळीवर मान सावरणेही अवघड. २००७मध्ये तिच्यात १२ ते १८ वर्षांचा गट जोडला गेला. घरात वॉकर धरून चालणारी मुलगी शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात व्हीलचेअर पसंत करू शकते, याची दखल त्यात आहे.

पाचव्या वर्षापर्यंत : हालचालींच्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के पल्ला गाठून होतो. तिसऱ्या ते पाचव्या पातळीवर सात-आठ वर्षांनंतर घसरण दिसू शकते. पहिल्या दोन पातळ्यांवर सरासरीने ती दिसत नाही.

वयात येताना : हाडे भराभर वाढतात, ताठर स्नायू मागे पडतात. लहानपणी चवड्यांवर चालणारा मुलगा आता गुडघे वाकवून चालू लागतो. वजन वाढते, दम लवकर लागतो, सांधे दुखतात.

खुबा : साधारण तीनपैकी एका मुलाचा खुबा जागेवरून सरकतो, न चालणाऱ्यांत प्रमाण बरेच जास्त. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे. स्वीडनमध्ये अशी पद्धतशीर तपासणी १९९४पासून होते.

पाठीचा कणा : बाक वाढण्याचा धोका चौथ्या-पाचव्या पातळीवर सर्वाधिक.