तळहातावरचं सैन्य (लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण संगणकावरच्या लढायांपाशी थांबलो होतो. 1992 चा 'ड्यून टू' आणि 1994 चा 'वॉरक्राफ्ट' यांनी रिअल-टाइम स्ट्रॅटेजीची घडी बसवली. बुद्धिबळात समोरचा आपल्या चालीची वाट बघतो. इथे तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू पुढे सरकतच असतो. म्हणून या खेळांत डोक्याइतकाच हात चपळ लागतो. माउस एका झटक्यात पडद्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो, आणि कीबोर्डवर प्रत्येक तुकडीला आकडा देऊन ठेवता येतो.

आता हे सगळं काढून घ्या आणि हातात निन्टेन्डो डीएस द्या.

2004 च्या नोव्हेंबरात आलेलं हे यंत्र वहीसारखं मिटतं. दोन छोटे पडदे, प्रत्येकावर आडवे 256 आणि उभे 192 ठिपके. म्हणजे एका पडद्यावर सारे मिळून पन्नास हजारांहूनही कमी. खालच्या पडद्याच्या आत दोन पारदर्शक थर असतात, त्यांच्यात नाममात्र फट. काडीएवढ्या स्टायलसने दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि यंत्राला जागा कळते. पण एका वेळी एकच. दोन बोटं ठेवली तर त्याचा गोंधळ उडतो. माउसचा बाण दाबण्याआधी नुसता फिरवून बघता येतो, स्टायलसला तेही नाही. टेकवली की तो हुकूमच झाला.

या अडचणीपुढे काहींनी सरळ वाट बदलली. 'एज ऑफ एम्पायर्स: द एज ऑफ किंग्ज' 2006 मध्ये डीएसवर आला, तो पाळीपाळीने खेळायचा खेळ होऊन. संगणकावरची ती घाई त्यात उरलीच नाही. खेळ म्हणून तो नेटका आहे, पण मूळ प्रश्न त्याने टाळला, असं मला वाटतं.

प्रश्नाला थेट भिडला तो 'फायनल फँटसी ट्वेल्व्ह: रेव्हनंट विंग्ज'. जपानात तो एप्रिल 2007 मध्ये आला, अमेरिकेत त्याच वर्षी नोव्हेंबरात. स्क्वेअर एनिक्स आणि थिंक अँड फील यांनी मिळून केलेला, दिग्दर्शन मोतोमू तोरियामा यांचं. मूळ 'फायनल फँटसी ट्वेल्व्ह'च्या कथेनंतर वर्षभराने वान आणि पेनेलो आकाशात तरंगणाऱ्या लेमुरेस भूमीवर पोचतात. तिथे पंख असलेल्या एजिल लोकांची वस्ती आहे. कथेचं एवढं पुरे. मला तुम्हाला दाखवायची आहे ती त्याची लढाई.

लढाई सुरू होते तेव्हा तुमच्याकडे जास्तीत जास्त पाच नायक असतात. वानवर स्टायलस टेकवा, मग शत्रूवर टेकवा, वान निघाला. काही जणांना एकदम हलवायचं असेल तर त्यांच्याभोवती स्टायलसने चौकट ओढा. इथपर्यंत माउसचीच नक्कल आहे. खरी युक्ती पुढे आहे. नायकांच्या दिमतीला एस्पर नावाचे मायावी प्राणी येतात. रणांगणात ठरावीक जागी त्यांची दारं असतात, तिथून त्यांना बोलवायचं. आणि हे एस्पर आपापल्या नायकाच्या मागे चालतात. पडद्यावर गर्दी कितीही झाली तरी तुम्हाला सांभाळायची असतात पाचच माणसं. बाकीच्यांचं ती पाच माणसं बघतात.

शिवाय प्रत्येक नायकाला एक काम नेमून देता येतं, त्याला खेळात 'गॅम्बिट' म्हणतात. पेनेलोला जखमींवर उपचार करायला सांगून ठेवलं की ती स्वतःहून ते करत राहते. मोठ्या पडद्यावरच्या मूळ खेळात अशा सूचनांची लांबलचक यादी लिहिता येत होती. इथे एकच. मला ही काटछाट फार शहाणपणाची वाटते. एकच काम नेमायचं म्हटल्यावर ते कोणतं, याचा विचार लढाईच्या आधी निवांत करावा लागतो, आणि लढाईत हात मोकळा राहतो.

कोण कोणाला भारी पडतो, हेही असंच एका नजरेत कळेल असं ठेवलंय. जवळून वार करणारे लांबून मारणाऱ्यांना भारी, लांबून मारणारे उडणाऱ्यांना भारी, उडणारे जवळून वार करणाऱ्यांना भारी. दगड-कागद-कात्री खेळलेल्या कुठल्याही मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि त्यात तर्कही आहे: तलवार आकाशात पोचत नाही, बाण पोचतो.

आता जरा खोलातली गोष्ट. स्टायलस टेकवल्यावर वान निघाला, असं मी सहज लिहून गेलो. पण कुठल्या वाटेने निघाला? मधे भिंत आहे, दरी आहे, अरुंद पूल आहे. हे यंत्राला शोधावं लागतं. यासाठीची सगळ्यांत प्रसिद्ध रीत 1968 मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल यांनी मांडली, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शेकी नावाच्या फिरत्या यंत्रमानवावर काम चाललं होतं तेव्हा. तिचं नाव ए-स्टार. नकाशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी दोन आकडे मिळवायचे: इथवर यायला किती चालावं लागलं, आणि इथून मुक्काम सरळ रेषेत साधारण किती लांब आहे. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो चौकोन आधी तपासायचा. अनोळखी गावात देवळाचा कळस नजरेसमोर ठेवून आपण गल्ल्या निवडतो ना, तसंच.

डीएसचा मुख्य प्रोसेसर 67 मेगाहर्ट्झचा, मेमरी 4 मेगाबाइट. चित्र सेकंदाला 60 वेळा बदलायचं तर एका चित्रामागे प्रोसेसरचे सुमारे अकरा लाख ठोके मिळतात. समजा रणांगणात 40 जण आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 28 हजार आले, आणि त्यातच लढाईचा हिशोब आणि चित्रांची जुळवाजुळवही. त्यात ए-स्टार एकट्यासाठी वाट काढतो. दहा जणांनी एकाच पुलाची निवड केली की पुढचा थांबतो, मागचे अडकतात, आणि एखादा उलट्या दिशेने भला मोठा वळसा घालायला निघतो.

नेमकी हीच दुखरी नस 2007 मध्येच आलेल्या 'हीरोज ऑफ मॅना'ची. कोइची इशी यांचा खेळ, योको शिमोमुरा यांचं संगीत, डोळे निवावेत अशी चित्रं. पण त्यातली माणसं वाट चुकतात, नको तिथे अडतात, अशी तक्रार त्या काळच्या समीक्षकांनी पुन्हा पुन्हा केली. मला ती रास्त वाटते. सैन्याने हरावं, त्याचं वाईट वाटत नाही. आपण सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, याचं वाटतं.

अशा वेळी कल्पित जगाचा एक फायदा दिसतो. उडणाऱ्या प्राण्याला भिंत नाही, दरी नाही, पूल नाही. त्याच्यासाठी वाट शोधायचीच नसते, सरळ रेष ओढली की झालं. पंख असलेलं सैन्य छोट्या प्रोसेसरला स्वस्त पडतं.

याच सुमारास सोनीच्या पीएसपीवर स्टायलसच नव्हती, पडद्याला स्पर्शही कळत नव्हता. डिसेंबर 2007 मध्ये जपानात आलेल्या 'पाटापॉन'ने तिथे हुकूम द्यायची वेगळीच रीत काढली. चार बटणं, चार ढोल. ठेका धरून पाटा-पाटा-पाटा-पोन वाजवलं की सैन्य पुढे चालतं, पोन-पोन-पाटा-पोन वाजवलं की हल्ला करतं. ठेका चुकला की सगळं सैन्य गोंधळून जागच्या जागी थांबतं. पुढच्या आठवड्यात त्या ढोलांपासूनच सुरुवात करू.