देखरेख आणि धीर

लोकसेवा करणाऱ्याला स्वतःला आधाराची गरज नसते, असा एक गोड समज सुशिक्षित समाजांत रूढ आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील आशा सेविकांचें काम पाहिलें म्हणजे तो किती फोल आहे, हें ध्यानांत येतें.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 सालीं सुरू झालें, आणि साधारण हजार वस्तीमागें एक, अशी गांवांतलीच स्त्री या कामीं निवडण्यांत येऊं लागली. दवाखान्यांत बाळंतपण झालें असल्यास तिनें 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशीं घरीं जाऊन बाळाचें वजन, ताप व अंगावर पिणें पाहावयाचें असतें. पाटणची डोंगरी वाडी असो कीं जतच्या माळावरील वस्ती असो, नेम एकच.

अशा सुमारें 20 सेविकांवर एक गटप्रवर्तक असते. भेटी किती झाल्या, लस कोणाची राहिली, हें ती नोंदवहीवरून पाहते. तें हवेंच, हिशेबावांचून लोकसेवा मोघम होते. परंतु एखादें अर्भक दगावलें, तर वहींत मृत्यूची नोंद होते. चार दिवसांपूर्वीं त्याला तोलणाऱ्या सेविकेच्या मनांतील ‘आपलें कांहीं चुकलें काय?’ या प्रश्नाला वहींत रकाना नसतो. शिवाय तें घर तिच्याच आळींतलें. तिला त्याच वाटेनें रोज जावयाचें असतें.

अमेरिकेंतील समाजकार्याचे अध्यापक आल्फ्रेड काडुशिन यांनीं 1976 च्या आपल्या ग्रंथांत देखरेखीचीं तीन अंगें सांगितलीं: कारभार, शिक्षण आणि आधार. कामाच्या ओघांत व काम झाल्यावर त्याचा विचार केल्यानेंच कसबी माणूस शहाणा होतो, असें डोनल्ड शॉन यांनीं 1983 सालीं मांडलें.

हें येथें आणणें अवघड नाहीं. मासिक सभेंत आंकडे संपल्यावर अर्धा तास एकाच प्रसंगाला द्यावा. काय दिसलें, काय वाटलें, काय केलें, आणि पुन्हा तसें घडल्यास काय करावें, हे चार प्रश्न पुरेत. मात्र तेथील बोलणें बाहेर जाऊं नये, व त्यावरून कोणाचा मोबदला अडूं नये. शिक्षेचें भय असेल तेथें खरें कोणी बोलत नाहीं.

2019 व 2021 सालीं कृष्णेच्या पुरानें सांगलीकडील गांवें वेढलीं. अशा वेळीं छावणींत गरोदर स्त्रियांची विचारपूस करणारीचें स्वतःचें घरही पाण्यांत असूं शकतें. तिची विचारपूस करणें हें गटप्रवर्तकेचें काम. आणि गटप्रवर्तकेची विचारपूस करणारेंही वर कोणी असावें, नाहीं तर वीस जणींचा भार एकटीवर पडेल.