ब्रेक दाबला, तरी गाडी थांबेना!

मित्रांनो, रस्ता ओलांडताना आपण काय बघतो? ‘गाडी अजून लांब आहे ना? मग पळा!’ असं म्हणतो आणि धूम ठोकतो. पण नुसतं अंतर बघून भागत नाही, बरं का! गाडी किती जोरात येते आहे, हेही बघावं लागतं. का, ते एका सोप्या हिशेबानं पाहू. वही-पेन्सिल घ्या जवळ.

आधी तीन शब्द पक्के करू. एका सेकंदात कापलेलं अंतर म्हणजे चाल. चालीबरोबर दिशाही सांगितली, की तो झाला वेग. आणि दर सेकंदाला वेग जेवढा बदलतो, ते त्वरण. ब्रेक दाबला की वेग घटत जातो, म्हणून ते ऋण त्वरण.

आता समजा, एक मोटार ताशी ३६ किलोमीटर चालीनं येते आहे. म्हणजे ३,६०० सेकंदांत ३६,००० मीटर. सेकंदाला झाले १० मीटर. तेवढ्यात एक मुलगा रस्त्यात धावला! ड्रायव्हरकाकांना तो दिसला, धोका कळला, पाय ब्रेकवर गेला. यात एक सेकंद गेला असं धरू. तोवर गाडी १० मीटर पुढे आलीसुद्धा!

आता ब्रेक लागला. कोरड्या रस्त्यावर गाडीची चाल दर सेकंदाला ५ मीटरनं कमी होते असं माना. मग ती थांबायला २ सेकंद लागतील. चाल १० वरून शून्यावर आली, म्हणजे सरासरी ५. दोन सेकंदांत गेली १० मीटर. एकूण अंतर २० मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी जवळजवळ एवढीच असते.

हीच गाडी ताशी ७२ किलोमीटर चालीनं आली तर? पाय ब्रेकवर जाईपर्यंतच २० मीटर संपले. थांबायला लागले ४ सेकंद, सरासरी चाल १०. म्हणजे आणखी ४० मीटर. एकूण ६० मीटर. तब्बल तीन खेळपट्ट्या! चाल झाली दुप्पट, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर मात्र चौपट!

यातलं गुपित गॅलिलिओनं शोधलं होतं. उतरत्या फळीवरून गोळा सोडून त्यानं पाहिलं, की वेळ दुप्पट झाला तर गोळा चौपट अंतर जातो. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं हे मांडलं. गोळ्याचा वेग वाढत जातो, ब्रेक लागलेल्या गाडीचा घटत जातो. गणित तेच, फक्त उलटं!

पावसात रस्ता निसरडा झाला, की चाकांची पकड सुटते आणि हे अंतर आणखी वाढतं. तेव्हा ड्रायव्हरकाका कितीही हुशार असले, तरी गाडी जागच्या जागी थांबवणं त्यांच्या हातात नसतं. म्हणून गाडी जाऊ द्या, मगच रस्ता ओलांडा.

आता तुमची पाळी! ताशी ५४ किलोमीटर चालीनं येणारी गाडी किती मीटरवर थांबेल? आधी स्वतः सोडवा, मग आईबाबांनाही घाला हे कोडं. विशेषतः ते गाडी चालवत असतील तर!

(उत्तर : ३७.५ मीटर)