चरबी बोलते, मेंदू ऐकत नाही!

‘अगं, मी काही खातच नाही, तरी वजन उतरत नाही!’ भिशीत, हळदीकुंकवाला, लोकलच्या डब्यात हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यावर ‘जरा तोंडावर ताबा ठेव गं’ हा सल्लाही ठरलेला. पण मैत्रिणींनो, भूक ही फक्त मनाच्या निग्रहाची गोष्ट नाही. तिचं बरंचसं काम लेप्टीन नावाचं संप्रेरक सांभाळतं.

चरबी म्हणजे नुसती साठवणीची जागा, असं पूर्वी मानलं जायचं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टीनचं जनुक शोधलं आणि हा समज बदलला. ‘लेप्टोस’ म्हणजे ग्रीक भाषेत बारीक. चरबीच्या पेशी हे संप्रेरक तयार करतात. रक्तातून ते मेंदूपर्यंत जातं आणि कळवतं, ‘कोठी भरलेली आहे, आता पुरे!’ चरबी घटली की लेप्टीन घटतं आणि भूक वाढते.

ज्या उंदरांच्या शरीरात लेप्टीन बनतच नव्हतं, ते बेसुमार लठ्ठ होत. लेप्टीन टोचल्यावर ते बारीक झाले. मग काय, लठ्ठपणावर रामबाण औषध सापडलं असं अनेकांना वाटलं. पण लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं, तर बहुतेकांत लेप्टीन कमी नव्हे, भरपूर निघालं! म्हणजे निरोप जातोय, पण मेंदू दाद देत नाही. आई दिवसभर ओरडत राहिली की पोरं जशी ऐकेनाशी होतात, तसंच काहीसं.

याच गोष्टीतलं दुसरं पात्र म्हणजे इन्शुलिन. जेवल्यावर स्वादुपिंड ते रक्तात सोडतं. त्यामुळे साखर पेशींत जाते आणि जादा ऊर्जा चरबी म्हणून साठते. इन्शुलिन चरबीच्या पेशींना लेप्टीन बनवायला लावतं, तर लेप्टीन इन्शुलिनला आवर घालतं. पण पोटावरची चरबी वाढत गेली की पेशी इन्शुलिनलाही जुमानत नाहीत. स्वादुपिंड मग आणखी इन्शुलिन ओततं. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. बऱ्याच मुलींना सतावणाऱ्या पीसीओएसमध्येही इन्शुलिनचा हाच गोंधळ असतो.

आता येऊ या ‘क्रॅश डाएट’कडे. लग्न तोंडावर आलंय म्हणून आठ दिवस काकडी आणि लिंबूपाण्यावर काढले, तर चरबी घटते थोडीच, लेप्टीन मात्र झपाट्यानं खाली येतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला! तो भूक वाढवतो आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी करतो. म्हणून डाएट सुटलं की वजन परत येतं. त्यात आपला दोष कमी, शरीराची जगण्याची धडपड जास्त. फारच उपासमार झाली, तर काही मुलींची पाळीही थांबते. लेप्टीन उतरणं हे त्यामागचं एक कारण असतं.

मग करायचं काय? वजन हळूहळू उतरवा. जेवण टाळू नका. ताटात वरण, उसळ, दही, भाजी वाढवा. साखर, बिस्किटं, फरसाण कमी करा. रोज भरभर चाला, त्यानं इन्शुलिनचं काम सुधारतं. सगळ्यांचं आवरून मध्यरात्री झोपायचं आणि पहाटे डब्यासाठी उठायचं, हेही वजनाला मारकच. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते. वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजा. भारतीय स्त्रियांसाठी तो ८० सेंटीमीटरच्या आत असावा. ‘लेप्टीनच्या गोळ्यां’च्या जाहिरातींना भुलू नका. लेप्टीन हे प्रथिन आहे, गिळलं तर पोटात पचून जातं. वजन अचानक वाढत असेल किंवा पाळी चुकत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

आणि घरातल्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं, की टोमणे मारून कुणाचं वजन उतरत नाही. तिच्याबरोबर रोज अर्धा तास चालायला गेलात, तर तिलाही फायदा आणि तुम्हालाही!