सोबतीचा खर्च

1996च्या जूनमध्ये मुंबईत एक फोन सुरू झाला. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया स्टेशनांवर आणि फुटपाथवर राहणाऱ्या मुलांमध्ये वावरत असत. अडचण आली तर फोन करा, म्हणून त्यांनी स्वतःचाच नंबर मुलांना देऊन ठेवला होता. तो रात्री-बेरात्री वाजू लागला. कुणाला मारलं होतं, कुणाला पोलिसांनी उचललं होतं, कुणी तापाने फणफणत प्लॅटफॉर्मवर पडला होता. त्यातूनच चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर आला. अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही जिभेवर बसावा म्हणून तो म्हणायचाही तसाच: 'दस, नौ, आठ'. खिशात नाणं नसलेल्या पोराला फोन लावता यावा, एवढी साधी गरज तिथे कुणीतरी ओळखली होती.

छळ, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी सरकारी तिजोरीतून जो पैसा गेल्या तीन दशकांत आला, त्याचा मागोवा घ्यायचा तर या फोनपासूनच सुरुवात करावी लागते. त्याआधी सरकारी पैसा जायचा तो मुख्यतः निरीक्षणगृहांना आणि बालगृहांना. संस्थेत जितकी मुलं, तितकं अनुदान. जे मूल घरातच मार खात होतं, ज्याचा छळ नात्यातलाच माणूस करत होता, ते या हिशेबात बसतच नव्हतं. फोनने पहिल्यांदा त्या मुलापर्यंत पोचायची वाट उघडली. 1999मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन उभं राहिलं. पैसा केंद्राचा आणि गावोगावच्या कामाला स्वयंसेवी संस्थांची माणसं, अशी ही घडी पुढे वीसेक वर्षं टिकली.

प्रश्न केवढा मोठा आहे हे सरकारच्याच तोंडून यायला 2007 उजाडलं. महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत 12,447 मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, तर मारहाण झालेली मुलं तीनांत दोन निघाली. 'आपल्याकडे असलं काही नसतं' हे वाक्य त्यानंतर निदान सरकारी टेबलावर तरी चालेनासं झालं. दोनच वर्षांनी, 2009मध्ये, एकात्मिक बाल संरक्षण योजना आली. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समित्यांना पैसा आणि 1098चा खर्च असं सगळं तिने एका छत्राखाली आणलं. कक्षातली माणसं मात्र बहुतेक कंत्राटी होती. पुढच्या साऱ्या गोष्टींचं मूळ इथेच आहे.

14 नोव्हेंबर 2012ला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू झाला. त्याच डिसेंबरात दिल्लीत सामूहिक बलात्काराची घटना घडली आणि देश ढवळून निघाला. 2013च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी 2 ऑक्टोबरपासून 'मनोधैर्य' लागू केली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना दोन लाख, विशेष प्रकरणांत तीन लाख रुपये आणि सोबत समुपदेशन. मंजुरी द्यायची ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने. योजनेचं नाव नेमकं होतं. नुसती रक्कम हातात ठेवून भागणार नाही, मन सावरायला हवं, हे त्या नावातच मान्य केलं होतं.

प्रत्यक्षात मात्र सारी चर्चा रकमेभोवतीच फिरत राहिली. 2017मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याला फटकारलं आणि गोव्याकडे बोट दाखवलं. गोव्यात दहा लाखांपर्यंत भरपाई मिळते, मग इथे का नाही? गोव्याचं उदाहरण सहज आलेलं नव्हतं. 1991मध्ये मडगावात अनाथ मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स पकडला गेला आणि 1996मध्ये त्याला शिक्षा झाली. त्या जखमेनंतर त्या छोट्या राज्याने 2003मध्ये स्वतःचा बाल कायदा केला आणि मुलांसाठी वेगळं न्यायालय नेमलं. न्यायालयाच्या रेट्यानंतर महाराष्ट्रातली मर्यादाही दहा लाखांवर गेली आणि मंजुरीचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. रकमेचा मोठा हिस्सा मुदत ठेवीत ठेवला जातो.

पुढचा मोठा पैसा आला न्यायालयांसाठी. मुलांवरच्या बलात्कारांची सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि केंद्राने 1,023 जलदगती विशेष न्यायालयांची योजना काढली. त्यांतली 389 केवळ पॉक्सोसाठी होती. खर्च 767.25 कोटी, केंद्राचा वाटा निर्भया निधीतून. न्यायालयं हवीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण तालुक्याच्या गावातून तारखेला निघणाऱ्या मायलेकींचा दिवस कसा जातो, तेही पाहायला हवं. पहाटेची एसटी, आईची बुडालेली मजुरी, कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक समोर बसलेले आणि साडेचारला 'पुढची तारीख'. अशा वेळी मुलीच्या शेजारी बसणारं, पुढे काय होणार ते तिच्या भाषेत सांगणारं माणूस कायद्याने मानलेलं आहे. त्याला सपोर्ट पर्सन म्हणतात. 2020च्या पॉक्सो नियमांनी त्याचा मोबदलाही ठरवला: कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावा. न्यायालयांसाठी शेकडो कोटी, आणि शेजारी बसणाऱ्या माणसासाठी मोजपट्टी किमान वेतनाची! ही नेमणूक ऐच्छिक नाही, करायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2023मध्ये बजावून सांगावं लागलं. तोवर कायद्याला जवळजवळ अकरा वर्षं झाली होती.

अर्थसंकल्पाचे आकडे तर झोक्यासारखे हलत राहिले. बाल संरक्षण सेवांसाठी 2018-19मध्ये 725 कोटींची तरतूद होती, ती 2020-21मध्ये 1,500 कोटी होती. मग करोना आला. मार्च 2020च्या अखेरच्या अकरा दिवसांत 1098वर 3.07 लाख फोन आले आणि त्यांतले जवळपास तीस टक्के छळ आणि हिंसेपासून संरक्षण मागणारे होते. शाळा बंद, घराचं दार बंद आणि मारणारा आत. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात, 2021-22 साठी, योजनेचं नाव 'मिशन वात्सल्य' झालं आणि तरतूद 900 कोटींवर आली. पुढच्या वर्षी ती पुन्हा 1,472 कोटी केली गेली. गरज सर्वांत उघडी पडली होती तेव्हाच हात आखडता घेतला गेला, आणि याचं समर्थन करता येत नाही. अशा झोक्यात इमारती टिकतात, खुर्च्या-टेबलं टिकतात. कंत्राटी समुपदेशक टिकत नाही. ती दुसरी नोकरी शोधते आणि तिच्याशी महिनोन्‌महिने कष्टाने बोलू लागलेलं मूल पुन्हा गप्प होतं.

काही ठिकाणी हात सैल झाला, तेही नोंदवायला हवं. कुटुंबातच राहणाऱ्या मुलासाठी केंद्राचं प्रायोजकत्व महिना 2,000 रुपयांवरून 4,000 झालं. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे कितीतरी वर्षं 425 रुपये मिळत. ते आधी 1,100 आणि 2023मध्ये 2,250 झाले.

त्याच 2023मध्ये 1098 सरकारने स्वतःच्या हाती घेतला. फोन आता राज्यांच्या नियंत्रण कक्षांत वाजतो आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. पोलीस लवकर पोचावेत हा त्यामागचा हेतू. संस्थांच्या कार्यकर्त्यांचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षांवर आलं, म्हणजे पुन्हा त्याच कंत्राटी माणसांवर. त्यांच्यापुढचं काम केवढं, तेही पाहा: 2022 या एका वर्षात मुलांविरुद्धचे 1,62,449 गुन्हे देशात नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास 40 टक्के पॉक्सोखालचे होते.

'मनोधैर्य' सुरू झाली तेव्हा आठ वर्षांची असलेली मुलगी 2023मध्ये अठरा वर्षांची झाली. तिच्या नावावर ठेव असेल तर ती पावती घेऊन बँकेत जायची वेळ आली. केवायसी, आधार, बदललेली सही, कदाचित लग्नानंतर बदललेलं गाव. तिची फाइल ज्या कक्षातून हलली तिथली तेव्हाची माणसं बहुधा केव्हाच निघून गेली असतील. काउंटरवर विचारलं जाणार, हे पैसे कशाचे? त्या वेळी तिच्यासोबत उभं राहायला कुणी असावं, यासाठी आजही कुठल्याच अर्थसंकल्पात ठळक ओळ नाही.