आधी वजन सांगा

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळद शेतातून बाजारात कशी येते, त्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून ऐन हंगामात हिंगोली-नांदेड रस्त्यानं हिंडत होतो. कळमनुरी मागे पडली की आखाडा बाळापूर लागतं. पुढे वारंगा फाट्याला नागपूरकडचा महामार्ग येऊन मिळतो. या पट्ट्यात हळद मोठ्या ट्रकमध्ये चढण्याआधी पिकअपमध्ये चढते. रस्त्याकडेला उभं राहून पाहिलं तर एक पिकअप दुसरीसारखी उभी दिसत नाही. एखादीचा हौदा मागे पार बसलेला असतो आणि नाक आभाळाकडे. दुसरीचं मागचं अंग इतकं उचललेलं असतं की रिकामी असताना ती पुढे कोसळेल असं वाटतं. ही उंची कोण ठरवतं, हे विचारत विचारत मी आखाडा बाळापुरातल्या पाट्यांच्या, म्हणजे गाडीच्या कमानदार स्प्रिंगांच्या, दुकानात पोचलो आणि हळदीचा विषय तिथेच मागे राहिला.

दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे भिंतीला टेकवून ठेवलेले लांब-आखूड पाटे, मध्ये लोखंडी ऐरण आणि तेलानं काळी झालेली फरशी. त्या फरशीवर खडूनं एक मोठी कमान काढलेली होती. दुकानाचे मिस्त्री नवा पाटा आला की त्याची कमान अशी आखून ठेवतात. जुना पाटा सोडवला की तो या रेघेवर आडवा टाकायचा. पाटा आणि रेघ यांच्यात मध्यभागी जेवढी फट, तेवढा तो बसलेला. मोजपट्टी जवळच पडलेली असते, पण मिस्त्री बोटं घालून फट मोजतात.

पाटे सोडवणं हेच मुळात जोखमीचं काम. आधी चेसी घोड्यांवर घ्यायची, मग यू-बोल्टचे गंजलेले नट पान्याला पाइप लावून सोडवायचे, पाट्यांचा गठ्ठा शिकंज्यात धरायचा आणि मगच सेंटर बोल्ट काढायचा. शिकंजा नसेल तर दाबलेले पाटे सुटताना हातावर येतात. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं बुश बसण्यासाठी गोल वळवलेली असतात. त्याखाली आखूड होत जाणारे पाटे. बऱ्याच गाड्यांना याशिवाय एक-दोन जवळजवळ सपाट हेल्पर पाटे असतात. गाडी रिकामी असताना ते नुसते बसून राहतात, ओझं पडलं की कामाला लागतात.

बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान चढवताना मिस्त्री गॅस पेटवत नाहीत. हे पोलाद कारखान्यात आठ-नऊशे अंशांवर तापवून तेलात विझवलेलं असतं आणि नंतर कमी आचेवर पुन्हा तापवून त्यातला ठिसूळपणा काढलेला असतो. गॅसच्या ज्योतीखाली जिथे पाटा लाल झाला तिथे त्याचं पाणी उतरलं. वाकतो छान, पण ओझ्याखाली परत सरळ होतो. म्हणून पाटा पोकळ ठोकळ्यावर आडवा धरून थंडाच ठोकायचा. घाव आतल्या अंगाला पडतात, आणि भरलेल्या गाडीत नेमकं तेच अंग ताणलं जातं. एखादा घाव खोल गेला तर उद्याची भेग तिथूनच निघणार. म्हणून त्यांच्या हातोड्याचं तोंड गोल घासलेलं आहे आणि प्रत्येक घाव मागच्या घावाला लागून पडतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाईविना. मध्येच पाटा उचलून खडूच्या रेघेवर ठेवायचा, बघायचं, पुन्हा ऐरणीवर. मी बराच वेळ नुसता ते पाहत बसलो. इतकं मन लावून केलेलं काम अलीकडे फार कमी पाहायला मिळतं.

या कमानीचा इतिहास घोडागाड्यांपासून सुरू होतो. लंडनच्या ओबडाया इलियटनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बग्गीसाठी लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं, तिथून ती मोटारीत आली. आपल्याकडे १९४७ साली महिंद्रानं मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला चारही चाकांवर पाटेच होते. टाटाचा छोटा हत्ती २००५ साली आला, त्यालाही पुढे-मागे पाटेच. मोटारींनी पाटे केव्हाच सोडले. ओझं वाहणाऱ्या बहुतेक गाड्या मात्र अजून पाट्यांवरच चालतात.

दुकानात येणाऱ्यांच्या मागण्या साधारण दोन. एक म्हणतो, गाडी मागे बसलीय, सरळ करून द्या. दुसरा, बहुधा तरुण, म्हणतो, चारही बाजूंनी उचलून द्या. अमेरिकेत पिकअपवाल्यांचा हाच वाद वेगळ्या कारणानं चालतो. तिथल्या गाड्या कारखान्यातूनच मागे थोड्या उंच येतात आणि हौसेनं लोक पुढचं अंग वर घेऊन गाडी सपाट करतात, किंवा चार-सहा इंच सगळीच उचलतात. बाळापुरात प्रश्न हौसेचा कमी आणि कट्ट्यांचा, म्हणजे भरलेल्या पोत्यांचा, जास्त. म्हणून दोन्ही गिऱ्हाइकांना मिस्त्रींचा पहिला शब्द एकच: "आधी वजन सांगा."

रिकामी पिकअप मागे उंच दिसते ती चूक नसते. १.३ टनाची गाडी असेल तर पन्नास किलोचे सव्वीस कट्टे ठेवल्यावर ती समतल यावी, असा कंपनीचा हिशेब असतो. रिकाम्या गाडीला डोळ्यानं सपाट केलं तर भरल्यावर बूड खाली जातं, हेडलाइटचा झोत वर उठतो आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रस्ता दिसेनासा होतो. रात्री या रस्त्यावर तो झोत मी डोळ्यांवर घेतला आहे.

उचलण्याचं कारण मात्र खरं आहे. काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर जुलैत दोन चाकोऱ्या खोल जातात आणि मधला वरंबा तसाच राहतो. गाडीचं पोट त्याला घासतं. शेतकरी म्हणतो, दोन इंच वर घ्या. पण मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी जो गोळा असतो तोच सगळ्यात आधी वरंब्याला अडतो, आणि पाट्याखाली ठोकळा घालून चेसी कितीही वर नेली तरी अ‍ॅक्सल चाकांबरोबर जिथल्या तिथंच राहतो. तो फक्त मोठ्या टायरनं वर येतो, तेही टायरच्या वाढीच्या निम्म्यानं. उलट उचललेल्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो, त्याचे क्रॉस लवकर झिजतात, आणि वर कडबा रचला की वळणावर ती कलंडायला अधिक तयार होते. एवढं सांगितल्यावर बहुतेक जण उचलण्याचा हट्ट सोडतात. काही सोडत नाहीत. ते दुसऱ्या दुकानात जातात.

तिसरी मागणी सगळ्यात जास्त येते आणि तीच मला सगळ्यात घातक वाटते: दोन पाटे वाढवा, जाड टाका. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा पाटा टाकला तर तो जवळपास दुप्पट ताठ होतो. मग दोन टन भरूनही गाडी बसत नाही आणि मालकाला वाटतं, गाडीची ताकद वाढली. वाढतो तो फक्त पाटा. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक १.३ टनाचेच राहतात.

ब्रेकचं तर याहून वाईट. मिस्त्रींनी मला गाडीखाली आडवं व्हायला लावून एक बारीक सळई दाखवली. बऱ्याच पिकअपना ती असते: एक टोक मागच्या अ‍ॅक्सलला, दुसरं चेसीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला. गाडी भरली की चेसी खाली येते, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी होतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. वजन ओळखण्याचं या यंत्रणेकडे एकच साधन, गाडी किती बसली ते. जाड पाटे टाकले, ठोकळा घातला, की गाडी बसतच नाही. चाळीस कट्टे लादलेले असतात आणि व्हॉल्व्ह समजतो हौदा रिकामा आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. अपघातानंतर लोक म्हणतात, ब्रेक लागला नाही. पाटे कधी वाढवले होते, हे कुणी विचारत नाही.

मिस्त्री पाटा बदलला की ही सळई पुन्हा जुळवतात, आणि ज्या गाडीत ती जुळण्यापलीकडे जाईल ते काम घेत नाहीत. पण असे किती जण? सळईचा गंजून तुटलेला तुकडा तारेनं बांधून चालवलेल्या गाड्या त्यांच्याकडेच येतात. कायदा या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा ओझ्याला कलम १९४ खाली वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण तपासणी होते ती काट्यावर, वजनाची. गाडीखाली वाकून सळई कोण बघतो?

आणि हे समजणारे हातही कमी होत चालले आहेत. नव्या गाड्यांत पॅराबोलिक पाटे येतात, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते. ते ठोकून दुरुस्त होत नाहीत, अख्खे बदलावे लागतात. दुकानात शिकायला आलेला मुलगा नट सोडवतो, ग्रीस लावतो, पण ऐरणीवर बसायला तयार नाही. कंबर जाते, म्हणतो. त्याचं खोटं नाही. मात्र पाटा बदलणं आणि गाडीची उंची समजणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम कंपनीच्या खोक्यातून येत नाही.

माझं मत विचाराल तर पिकअप उचलूही नये आणि रिकामी असताना सपाटही करू नये. बसलेले पाटे कंपनीच्या उंचीवर आणावेत. ओझं त्याहून जास्त असेल तर दुसरी खेप करावी. ज्यांनी पाटे आधीच वाढवून घेतले आहेत, त्यांना एवढीच विनंती: दोन-चार भरलेल्या खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळची ती सळई जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घेतल्याशिवाय गाडी भरू नका.