इंग्रजी शब्द सुटा पाठ करू नका

डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ अशी वही बहुतेक विद्यार्थ्यांनी कधी ना कधी केलेली असते. पाठांतर चोख होते, पण लिहायला बसले की पेन अडते. यात दोष स्मरणशक्तीचा नाही, वहीच्या आखणीचा आहे.

'डिस्कस' म्हणजे चर्चा करणे. मराठीत आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो. हे 'वर' मनातून जात नाही, म्हणून 'डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम' असे लिहिले जाते. इंग्रजीत या क्रियापदाला थेट कर्म जोडतात: 'डिस्कस द प्रॉब्लेम'. आपण कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून 'मॅरी'पुढे 'विथ' येऊन बसतो; तोही नको. 'अ‍ॅडव्हाइस' म्हणजे सल्ला, हे खरेच. पण मराठीत दोन सल्ले देता येतात आणि इंग्रजीत हा शब्द मोजताच येत नाही. 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस' म्हणावे लागते. अर्थ बिनचूक येत असूनही वाक्य चुकते ते असे.

ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. परभाषक नेमका कुठे अडतो, हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने एक कोश रचला. तो 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. आजची 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ती हीच.

अशा कोशातली नोंद अर्थापाशी थांबून वाचायची नसते. नाम मोजता येते की नाही, क्रियापदाला कर्म लागते की नाही, याच्या खुणा तिथे असतात. त्याहून मोलाची असतात उदाहरणाची वाक्ये. शब्दाला कोणाची संगत रुचते, ते त्यांतून कळते. मराठीत पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा आणि चहा कडक असतो. कारण कुणी विचारत नाही. इंग्रजीत पावसाला 'हेवी' लागतो, वारा आणि चहा मात्र दोन्ही 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात. मराठीत दोन्हीकडे 'करणे'च असल्याने हा फरक अर्थ पाहून कधीच सापडत नाही. माझ्या मते शब्दसंग्रहाचे निम्मे काम या जोड्यांचेच आहे.

म्हणून वहीत शब्द न लिहिता जोडी लिहा आणि तिच्याखाली स्वतःच्या आयुष्यातले एक खरे वाक्य. दुसऱ्या दिवशी जोडीतला एक शब्द झाकून आठवा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याची धडपड जास्त टिकते.

सुरुवात नेहमीच्या शब्दांपासून करावी. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुराचा मोठा भाग एवढ्यावर वाचता येतो. 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्सपोर्ट' यांतला 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे, अशी धातूंची ओळख नंतर उपयोगी पडते. त्या ओळखीवर अर्थाचा अंदाज बांधावा, खात्री मात्र कोशातूनच करावी.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.